समुद्र ओलांडला, जात ओलांडली काय?

वणी तालुक्यातील राजूरच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाला वाटते, पोराने शिकून परदेशी जावे, म्हणजे जातीचा जाच संपेल. पोराने जरूर जावे. पण समुद्र ओलांडल्याने जाच संपतो, या भ्रमात राहू नये, असे आम्हाला वाटते.

१६२० साली इंग्लंडमधून 'मेफ्लॉवर' जहाजाने १०२ प्रवासी अमेरिकेला निघाले. त्यातील अनेकांना राजाच्या चर्चची उपासना मान्य नव्हती. त्यांचे गोडवे आजही गायिले जातात. परंतु त्यांच्यामागून गेलेल्या प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सत्ता मिळताच काय केले? वेगळे मत मांडणाऱ्या रॉजर विल्यम्सला हद्दपार केले आणि १६६० साली मेरी डायर या क्वेकर स्त्रीला बोस्टनमध्ये फासावर चढविले!

आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचेही तेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ज्यू 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. येथे धर्मासाठी त्यांचा छळ झाला नाही. तरी १९४८ नंतर धर्माच्या ओढीने त्यांच्यातील बहुतेक जण इस्रायलला गेले. तेथील धर्मपीठाने त्यांच्याच लग्नाआधी कुळाची चौकशी लावली. त्यांनी आंदोलन केले, १९६४ साली संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कुठे ती अट सुटली. स्वधर्मीयांनीच कूळ विचारावे, यापेक्षा मोठा अपमान कोणता?

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, पुढे लंडनलाही शिकले. मनात आणते तर तिकडेच सुखाने राहिले असते. ते परत आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला त्यांनी लाखोंना धम्म दिला. राजूरच्या माणसाला त्यासाठी समुद्र नव्हे, वर्धा नदी ओलांडणे पुरेसे होते. देश न सोडता धर्म सोडण्याची ही क्रांती होती.

आज जातच समुद्रापार पोहोचली आहे. म्हणून सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसे विधेयक गव्हर्नरने नाकारले. लढाई तिकडेही आहे.

तेव्हा पोरांनो, जा, शिका. पण बावीस प्रतिज्ञा सोबत न्या. आणि मागे राहिलेल्यांनो, सोयरीक जुळविताना पोटजात विचारणार असाल, तर आपणही कूळ तपासणाऱ्या त्या धर्मपीठाच्याच रांगेत उभे आहोत, हे ध्यानात ठेवा.