करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे

एप्रिल संपत आला की राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या बायका करवंदांच्या बुट्ट्या घेऊन येतात. चिकाने ओठ चिकटले तरी मी स्वतः हे फळ सोडत नाही. तेव्हा हे लिखाण करवंदाच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये.

गेल्या उन्हाळ्यात पंचेचाळिशीच्या एक ताई दवाखान्यात आल्या. लघवीला जळजळ सुरू होऊन आठ दिवस झाले होते. शेजारणीने सांगितले, ‘क्रॅनबेरीने लघवी साफ होते आणि आपले करवंद म्हणजेच क्रॅनबेरी.’ ताईंनी रोज तीन-तीन पेले करवंदाचे सरबत घेतले. आल्या तेव्हा हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत कळ आणि उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. त्यात मधुमेह, आणि सरबतातली साखर! चार दिवस शिरेतून औषध द्यावे लागले.

हा घोटाळा नावाचा आहे. ‘बेरी’ हे बाजारी नाव कशालाही चिकटते. शास्त्रीय नाव मात्र फसवत नाही. करवंद म्हणजे ‘कॅरिसा कॅरंडास’. लिनिअसने 1767 साली हे नाव दिले. त्याचे कुळ कण्हेर आणि सदाफुलीचे, म्हणून तर चीक येतो. क्रॅनबेरी म्हणजे ‘व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पॉन’, उत्तर अमेरिकेच्या दलदलीत जमिनीलगत पसरणारे सदाहरित झुडूप. त्याच कुळातली तिकडची बुटकी, सदाहरित हकलबेरी म्हणजे ‘गेलुसॅसिया ब्रॅकिसेरा’. वायूंच्या नियमात आपण शाळेत शिकलो तो गे-ल्युसॅक या नावात आहे. झुडूप सदाहरित आणि फळ आंबट, एवढ्यावरून करवंद त्यांचे भावंड होत नाही.

आता खऱ्या क्रॅनबेरीचे. तिच्यातील काही द्रव्ये जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. 2023 साली कोक्रेन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत आणि मुलांत पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण कमी दिसले. गरोदर स्त्रियांत तसा फायदा आढळला नाही. आणि हा सगळा हिशेब प्रतिबंधाचा आहे. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो असे नाही. मग करवंदाची काय कथा!

जळजळ झाली तर लघवी तपासून घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, उरलेल्या जुन्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलटी किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर बायकांनी आणि मधुमेहींनी तर नुसत्या जळजळीलाही थांबू नये. क्रॅनबेरीच्या गोळ्या घ्यायच्याच असतील, तर रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असलेल्यांनी आधी विचारावे.