गाडी खाली, कॉलर वर!

‘लोअरिंग’ केलेली गाडी दिसते झकास. पण स्प्रिंग बदलायला निघण्याआधी जरा वाकून चाकामागेही डोकावा!

सिग्नलला शेजारी एक स्विफ्ट येऊन थांबते. मॉडेल तेच, रंगही तोच, तरी ती आपल्या गाडीपेक्षा भारी का दिसते? उत्तर आहे टायर आणि बॉडीच्या मधल्या फटीत. आपले रस्ते ओळखून कंपन्या गाड्या उंच ठेवतात. ही फट कमी केली, की गाडी रस्त्याला चिकटून बसल्यासारखी दिसते. त्यासाठीचा सरळ उपाय म्हणजे लोअरिंग स्प्रिंग. जर्मनीच्या आयबाख, एच अँड आर या कंपन्या यातली बडी नावं.

फक्त लूकसाठी?

अजिबात नाही. या स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि कडक असतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी झुकते, जोरात ब्रेक मारल्यावर नाकही कमी दबतं. पण ‘जितकी खाली, तितकी भारी’ हा हिशेब साफ चुकीचा. आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. गाडी फार खाली नेली, की त्यांचे कोन बिघडतात आणि हाताळणी सुधारायची सोडून उलट घसरते.

खरा हीरो शॉकअप

स्प्रिंग वजन पेलते. तिच्या उड्या आवरतो तो शॉकअप. नव्या कडक स्प्रिंगला थकलेला शॉकअप आवरू शकत नाही. मग गाडी उसळत राहते आणि खराब रस्त्यावर टायरची पकड सुटते. म्हणून गाडी बरीच चाललेली असेल, तर स्प्रिंगच्या मापाला जुळणारे शॉकअपही त्याच वेळी बसवा. शिवाय उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. व्हील अलाइनमेंट टाळलंत, तर टायर आतल्या कडेने झिजलेच म्हणून समजा!

किती खाली?

साधं गणित करा. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी असेल आणि गाडी ३० मिमी खाली आणली, तर उरले १३५. त्यात चार माणसं आणि डिकीत सामान बसलं, की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर गाडी निघून जाईल. पण गल्लीतला, कुणीतरी हौसेने घातलेला उंचवटा हे मानक कुठे पाळतो? तिथे घासतो तो इंजिनाखालचा ऑइल संप.

जुगाड? नको रे बाबा!

मूळ स्प्रिंगचेच एक-दोन वेढे कापून देणारे महाभाग भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार! कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबकळलं की सटकू शकते. गॅसने कापली, तर उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि ती मोडण्याची भीती असते. स्प्रिंग बसवतानाही ती कॉम्प्रेसरने दाबूनच काढावी लागते. हे काम अनुभवी मेकॅनिकचंच.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकायचा!

आणि पैसे मोजण्याआधी एक करा. अशाच स्प्रिंग बसवलेली एखाद्या मित्राची गाडी मागून घ्या, मागच्या सीटवर आई-बाबांना बसवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारा. उतरताना बाबांचा हात कमरेवर गेला नाही, तर खुशाल स्प्रिंग ऑर्डर करा!