बंदरातून किल्ल्यावर : ज्येष्ठांसह एक दिवस एडिनबऱ्याचा

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतले कितीतरी गड पायी पालथे घातले. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि उजवा गुडघाही आता साथ देईनासा झाला आहे. माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने आईबाबांसाठी ब्रिटनभोवती फिरणाऱ्या जहाजाची सफर ठरवली आणि सोबतीला मी गेले. सफरीच्या कार्यक्रमात एक दिवस ‘एडिनबरा’ असे लिहिलेले होते. बाबांनी त्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, “तिथला किल्ला पाहायचा. पण त्या गर्दीच्या बसमधून नाही. आपण आपले जाऊ.”

जहाजाच्या सहलीला न जाता स्वतः जाण्यात मोठा लाभ आहे. आपला वेग आपण ठरवतो, दम लागला तर बसतो, औषधाची वेळ सांभाळतो. पन्नास जणांच्या मागे धावावे लागत नाही. मात्र त्याची एक किंमत आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीस उशीर झाला तर जहाज साधारणतः थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्याने आखणी ‘कधी निघायचे’ येथून न करता ‘कधी परतायचे’ येथून करावी. त्या दिवसाने मला हे नीट शिकवले.

प्रथम बंदर ओळखावे

कार्यक्रमात ‘एडिनबरा’ असे छापलेले असले तरी जहाज प्रत्यक्षात कोठे थांबणार, हे वेगळे विचारावे लागते. लहान जहाजे शहरालगतच्या लीथ बंदरात धक्क्याला लागतात. काही जहाजे न्यूहेवनसमोर किंवा फोर्थच्या खाडीपलीकडे रोसाइथला येतात. अनेक मोठी जहाजे शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर, साउथ क्वीन्सफेरी या गावासमोर खोल पाण्यात नांगर टाकतात. आमचे जहाज तेथेच थांबले. १८९० साली खुला झालेला आणि २०१५ पासून जागतिक वारसा असलेला फोर्थचा तांबडा रेल्वेपूल डोक्यावर दिसत होता.

जहाज धक्क्याला लागत नाही तेव्हा प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटीला ‘टेंडर’ म्हणतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत नाजूक क्षण हाच. जहाज आणि बोट दोन्ही हलत असतात आणि मधले अंतर एका पावलात पार करावे लागते. खलाशी दोन्ही दंड धरून मदत करतात. त्यांना ती करू द्यावी. हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवर घ्यावे आणि काठी सोबत्याकडे द्यावी. विजेवर चालणारी जड चाकाची खुर्ची अनेक जहाजे टेंडरमध्ये नेऊ देत नाहीत, तेव्हा याची चौकशी नोंदणी करतानाच करावी. वारा वाढला तर टेंडर बंद होतात आणि तो दिवस जहाजावरच काढावा लागतो. परत न मिळणारे खर्च आधी करताना हे ध्यानात असावे.

मळमळ थांबवणाऱ्या अनेक गोळ्यांनी झोप येते आणि तोलही जातो. ज्या सकाळी उतरायचे, त्या सकाळी अशी गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. अनेक दिवस पाण्यावर राहिल्यानंतर जमिनीवरही काही वेळ डुलल्यासारखे वाटते. उतरल्यावर दहा मिनिटे बाकावर बसावे, मग चालू लागावे.

उलट बाजूने वेळापत्रक

आदल्या रात्री केबिनमध्ये आलेल्या पत्रकात शेवटचा टेंडर सायंकाळी पाचला असल्याचे लिहिले होते. मी कागद घेतला आणि तेथून मागे मोजत गेले.

शेवटचा टेंडर ५ वाजता. धक्क्यावर पोहोचायचे ३.३० पर्यंत, म्हणजे रांग आणि विलंब यांसाठी दीड तास हाती. किल्ल्यातून बाहेर पडायचे २ वाजता. किल्ल्याचे तिकीट सकाळी ११ चे. जहाजावरून उतरायचे ९ च्या आत.

या हिशेबात किल्ल्यावर तीन तास मिळाले. ते कमी वाटतील, पण ७४ वर्षांच्या माणसाच्या शरीराला त्याहून अधिक झेपत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्यावे, कारण काही जहाजांची वेळ किनाऱ्यावरच्या वेळेहून वेगळी असते.

धक्क्यापासून शहरात जाण्याचे मार्ग तीन. जवळच्या डॅलमेनी स्थानकावरून रेल्वेने एडिनबऱ्याचे वेव्हर्ली स्थानक साधारण वीस मिनिटांवर आहे. मात्र धक्का खाली पाण्याजवळ आणि स्थानक वर टेकडीवर. मधली वाट खड्या पायऱ्यांची आहे आणि वेव्हर्लीपासून किल्ल्यापर्यंत पुन्हा चढच. जहाजे येतात त्या दिवशी बहुधा शहरात जाणाऱ्या बसची सोय असते. ती स्वस्त, पण रांगेची. आम्ही टॅक्सी केली. एडिनबऱ्याच्या काळ्या टॅक्सींमध्ये चाकाची खुर्ची चढवता येते आणि चौघांत भाडे वाटले तर ते जिवावर येत नाही. जेथे पायांची शक्ती वाचते, तेथे पैसे खर्च करावेत, असा माझा अनुभव आहे.

चढावरची ती पाच मिनिटे

एडिनबऱ्याचा किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर उभा आहे. हा खडक सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३० मीटर उंच आहे. आमची टॅक्सी जेथे थांबली तेथून किल्ल्यासमोरच्या पटांगणापर्यंत चढ आहे आणि आत शिरल्यावर फरसबंदीचा चढता रस्ता. दगड गोटे बसवलेले, उंचसखल आणि पावसाने गुळगुळीत झालेले. माथ्याकडे जाण्याचा जुना मार्ग म्हणजे ७० पायऱ्यांचा ‘लँग स्टेअर्स’. तो टाळून वळसा घालून जाणारी चढण आहे, पण तीही लांब.

चालण्यास त्रास असणाऱ्यांना वरपर्यंत नेणारे एक लहान वाहन किल्ल्यावर असते. मी त्याबद्दल आधीच ईमेलने विचारले होते. बाबांना सांगितले तेव्हा ते उखडले. “मी राजगड, रायगड पायांनी चढलेला माणूस. गड काय गाडीत बसून बघायचा?”

मी गप्प राहिले. आम्ही पटांगणाकडे चालू लागलो. बाबा नेहमीप्रमाणे बोलत होते. हळूहळू त्यांची वाक्ये तुटू लागली आणि मग बोलणे थांबलेच. माझे लक्ष तेथे गेले. पुण्यात त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आम्हांला एक सोपी खूण दिली होती : चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल योग्य आहे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर थांबावे. मी त्यांना कठड्यापाशी टेकवले. छातीत जड वाटते का, जबड्यात किंवा हातात काही दुखते का, घाम आला आहे का, हे विचारले. तसे काही नव्हते, केवळ दम लागला होता. पाच मिनिटांत श्वास स्थिर झाला. त्या पाच मिनिटांत माझ्या हातात मात्र जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी होती.

आई शांतपणे म्हणाली, “अहो, मागच्या वर्षी रायगडाला रोपवेनं गेलात. तेव्हा महाराज रागावले का?”

बाबा हसले. आम्ही गाडीची चौकशी केली.

येथे काळजी घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्येष्ठांचा नकार हा बहुधा हट्ट नसतो. आपण आता पूर्वीचे राहिलो नाही, हे चारचौघांत मान्य करण्याचा तो संकोच असतो. वाद घालून तो दूर होत नाही. सोय आधीच करून ठेवावी, आणि ती स्वीकारण्याचा क्षण त्यांच्यावर सोडावा. छातीत दुखणे, जडपणा, घाम किंवा चक्कर ही लक्षणे असतील तर मात्र मन सांभाळत बसू नये. तेथेच बसवावे, किल्ल्याच्या कर्मचाऱ्याला हाक मारावी. ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीचा क्रमांक ९९९ आहे.

आणखी एक समज दूर करावा. चढताना हृदयावर ताण येतो, हे आपण जाणतो. उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, हे आपण विसरतो. ‘जाताना गाडीने, येताना चालत’ हे हृदयाला चालेल, पण झिजलेल्या गुडघ्याला चालणार नाही. आम्ही परतताना सुद्धा गाडीचीच वाट पाहिली.

थोडे पाहावे, बसून पाहावे

किल्ल्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही चारच गोष्टी निवडल्या होत्या. पहिली, सेंट मार्गारेटचे चॅपल : सुमारे ११३० साली राजा पहिला डेव्हिड याने आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेले, शहरातील सर्वांत जुने बांधकाम. आत थोडीच माणसे मावतात, पण शांतता मोठी. दुसरी, चॅपलबाहेरची ‘मॉन्स मेग’ ही तोफ. १४४९ साली घडवलेली, सहा टनांची, सुमारे १५० किलोचे दगडी गोळे फेकणारी. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले. तिसरी, राजवाड्यातील लहानशी खोली, जेथे १५६६ साली राणी मेरीने पुढे स्कॉटलंड व इंग्लंड या दोन्हींचा राजा झालेल्या जेम्सला जन्म दिला. चौथी, स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार. १७०७ नंतर ही राजचिन्हे पेटीत बंद होऊन विस्मृतीत गेली आणि १८१८ साली कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने पुन्हा सापडली.

तटाजवळच्या बाकावर बसून मी बाबांना वाचून दाखवले की १३१४ साली थॉमस रँडॉल्फ याने तीस माणसांनिशी रात्री हा कडा चढून किल्ला परत घेतला. बाबांनी खाली कड्याकडे पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्या तानाजीच्या साडेतीनशे वर्षे आधी.” मग अर्धा तास त्यांनी आम्हांला सिंहगड सांगितला. शेजारच्या बाकावरचे एक स्कॉटिश वृद्ध जोडपे एक अक्षर न समजता ऐकत होते.

एकची तोफ

या किल्ल्यावर १८६१ पासून दुपारी बरोबर एक वाजता तोफ डागतात. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळचा दिवस वगळता हा क्रम असतो. फोर्थच्या खाडीतील जहाजांना घड्याळे बिनचूक लावता यावीत, हा तिचा मूळ हेतू. आवाज मोठा असतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते क्षणभर बंद करावे, हृदयविकार असणाऱ्यांना आधी कल्पना द्यावी आणि थोडे दूर बसावे.

आमच्यासाठी ती तोफ परतीची खूण होती. बाबांनीच तसे ठरवले होते : तोफ झाली की नवे काही पाहायचे नाही. तोफ झाली, आम्ही गडावरच्या उपाहारगृहात सूप आणि पाव घेतला, त्यांनी दुपारच्या गोळ्या घेतल्या आणि दोन वाजता आम्ही बाहेर पडलो. वाटेत वाहनांची कोंडी लागली. तरीही पावणेचारला धक्क्यावर होतो. त्या दीड तासाच्या राखीव वेळेतील पंधरा मिनिटे खर्च झाली, एवढेच.

निघण्यापूर्वीची तयारी

• दोन महिने आधी डॉक्टरांची संमती घेऊन चढाचा सराव करावा. आम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या थांबत थांबत चढलो, त्यामुळे कोठे दम लागतो ते आधीच कळले.
• किल्ल्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते. ते आधीच काढावे, उन्हाळ्यात ती संपतात. ज्येष्ठांची सवलत, आवश्यक सोबत्याचा विनामूल्य प्रवेश, वाहन व चाकाची खुर्ची यांची चौकशी त्याच वेळी करावी. ऑगस्टमध्ये पटांगणावर लष्करी संचलनाचे मोठे कार्यक्रम होतात, तेव्हा गर्दी अधिक असते.
• हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, साखर किंवा खडीसाखर, पाणी आणि वाऱ्यापावसाचे जाकीट असावे. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही.
• पारपत्राची व व्हिसाची प्रत, विम्याचा क्रमांक आणि जहाजाच्या पत्रकावर छापलेला बंदरावरील प्रतिनिधीचा दूरध्वनी जवळ ठेवावा. जहाज चुकलेच तर पहिला फोन त्याला करावा.
• रबरी, खाचांच्या तळव्याचे आणि आधी वापरलेले बूट घालावेत. नवे बूट सहलीत काढू नयेत.

त्या संध्याकाळी जहाज हलले तेव्हा बाबा डेकवर खुर्चीत बसले होते. मी विचारले, “बाबा, पूर्ण किल्ला पाहायचा राहिला, वाईट वाटते का?” ते म्हणाले, “अगं, रायगड तरी कुठे एका फेरीत पाहून झाला होता?” मग त्यांनी गुडघ्यावर पांघरूण ओढले आणि रात्रीच्या गोळीची आठवण स्वतःच केली.