टर्बो गाडीसाठी स्पार्क प्लग कसा निवडायचा?

आजचा भाग करमाळ्यातनं, घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या.

विषय स्पार्क प्लगचा. आणि चूक माझीच आहे, ती आधी सांगतो.

माझ्याकडे सेकंडहँड टर्बो-पेट्रोल हॅचबॅक आहे. तिचं रिमॅप केलं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवला. मग वाटलं, प्लगही भारी टाकू. ऑनलाइन इरिडियम प्लग मागवले, आटे जुळले, बसवून टाकले. टेस्ट न करता डिप्लॉय! जानेवारीत पुण्याहून गावी येताना टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गेलो. अर्ध्यात गाडी थरथरली, दमच सोडला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. समोरून एसटी. ब्रेक मारून कसाबसा ट्रॉलीच्या मागं आलो. घरी पोचल्यावरही हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मामांनी प्लग काढले, गेज लावला आणि म्हणाले, "आरं, हा गॅप बिनटर्बोच्या गाडीचा हाय." गॅप होता १.१ मिमी. डिकीत जुने कंपनीचे प्लग होते, ते लावले आणि गाडी सुरळीत!

झालं काय होतं? ठिणगीला दोन टोकांमधली हवा ओलांडावी लागते. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढंच अंतर पार करायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल कमी पडली की ठिणगी पडत नाही. यालाच मिसफायर म्हणतात. जोर कमी असताना काही कळत नाही, ओव्हरटेकलाच कळतं. शिवाय न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. म्हणून तो दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडायचा.

आता निवड कशी करायची?

पहिलं, माप. आट्यांचा व्यास, लांबी आणि बसायची जागा मॅन्युअलप्रमाणेच हवी. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागू शकतो.

दुसरं, हीट रेंज. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी साचते. फार वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. 'थंड' प्लग उष्णता पटकन हेडकडं सोडतो, 'गरम' प्लग धरून ठेवतो. ताकद बरीच वाढवली असेल तर एक पायरी थंड घेतात. साध्या रिमॅपला बऱ्याचदा मूळ रेंजच चालते, म्हणून ट्यूनरला नेमका नंबर विचारा. उगाच थंड घेतला आणि गाडी रोज बाजारापर्यंतच गेली, तर प्लग काळा पडणार.

इथं एक गंमत आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, नंबर कमी झाला की थंड. घरातले मोठे ज्याला 'मायको' म्हणायचे, तीच ही बॉश.

तिसरं, गॅप. दाब वाढवला की गॅप कमी. मी आता माझ्या इंजिनाचेच, ०.७ मिमी गॅपचे प्लग घेतलेत. हा आकडा तसाच उचलू नका, तुमच्या इंजिनाचा बघा. इरिडियमचं टोक नाजूक असतं, ठोकून गॅप करू नका.

चौथं, धातू. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ ला. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं, ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं आणि प्लग जास्त टिकतो. पण नुसत्या प्लगनं हॉर्सपॉवर वाढत नाही. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घ्या: १.२ लिटर, १०५ पीएस. ती ताकद टर्बोची, प्लग फक्त ती वाया जाऊ देत नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी हातानं आटे फिरवा, मग टॉर्क रेंच. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर खर्च मोठा.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा काढून बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. काळाकुट्ट म्हणजे काजळी. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे जास्त तापतोय, गाडी तिथंच थांबवा.

तुमच्या बाईकचा प्लग कोणत्या रंगाचा निघाला, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात कॉइलबद्दल बोलू. आणि हो, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक जपून!