पडलो, पण सांगितलं नाही

बाबा बाथरूममध्ये घसरले, ही बातमी पुण्यातल्या घरातून बंगळूरला किंवा न्यू जर्सीला पोचायला चार-चार दिवस लागतात. मुद्दाम ती कुणी सांगतच नाही. आई फोनवर बोलता बोलता म्हणून जाते, "सध्या फिरायला जात नाहीत, पाय जरा दुखतोय." मग मुलगी खोदून खोदून विचारते आणि उलगडा होतो. तोवर मुका मार पिवळा पडायला लागलेला असतो.

निवृत्तीनंतरच्या आयुष्यात असे बारीकसारीक अपघात रोजच्या कामांतच घडतात. दूध करपतं, बीपीची गोळी दोनदा घेतली जाते, जिन्याची शेवटची पायरी चुकते, बँकेत अंगठा उमटत नाही. घरात त्यावर दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे "लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि दुसरी "आता वय झालं." दोन्ही चुकीच्या आहेत असं माझं ठाम मत आहे. यातल्या बहुतेक गोष्टींमागे शरीराची समजण्याजोगी कारणं असतात आणि त्यांवर उपायही साधे असतात. अडतं ते लपवण्यापाशी.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत किंवा सकाळच्या बागेतल्या कट्ट्यावर या गोष्टी मोकळेपणानं बोलल्या जातात; घरात मात्र नाही. याचं कारण मला तिथेच कळलं. पडण्यापेक्षा पडल्यानंतर काय काय बंद होईल, याची धास्ती जास्त असते. आधी स्कूटरची किल्ली जाते, मग एकट्यानं बँकेत जाणं थांबतं, मग गावी जाणं. महाराष्ट्रात 2022 पासून 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या सवलतीवर स्वतःच्या मर्जीनं गावच्या जत्रेला जाऊन येणाऱ्या माणसाला ते स्वातंत्र्य फार मोलाचं असतं. 'बाथरूममध्ये पाय घसरला' एवढ्या एका वाक्यापायी ते जाणार असेल, तर तो ते वाक्य गिळून टाकतो.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे पहाटे दोन-तीनचा सुमार. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. पुरुषांच्या बाबतीत वाढलेल्या प्रोस्टेटची भर पडते. झोपेतून उठायचं, घाई लागलेली, माणूस ताडकन उभा राहतो. उभं राहताक्षणी शरीरातलं अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुणपणी मेंदूकडून लगेच संदेश सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि आपल्याला काही जाणवतही नाही. उतारवयात ही यंत्रणा संथ होते. उभं राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं घसरला, तर डॉक्टर त्याला दोष मानतात. त्यात बीपीच्या गोळ्या असतात, प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिनसारखी गोळी असते, कुणाची झोपेची गोळी असते. या सगळ्यांनी दाब आणखी उतरू शकतो किंवा तोल डळमळतो. डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. उभ्यानं लघवी करताना जोर केला की दाब पुन्हा घसरतो, म्हणून पुरुषांनी रात्री कमोडवर बसूनच लघवी करावी, असं डॉक्टर सुचवतात. गीझरच्या कडक पाण्यानं अंघोळ करून झटकन उभं राहिल्यावर गरगरतं, त्यामागेही हेच. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात.

म्हणून उठताना आधी कुशीवर व्हावं, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावं, पावलं वर-खाली हलवावीत, मिनिटभरानं उभं राहावं. पोटरीचे स्नायू हलले की खाली साचलेलं रक्त वर ढकललं जातं. फुकटचा आणि बिनाऔषधाचा हा उपाय आहे, तरी रात्री घाई असते म्हणून नेमका विसरला जातो. उशाशी लघवीचं भांडं ठेवायला लाज वाटते. ती वाटू नये, एवढंच मी म्हणेन.

आता बाथरूमच बघा. पूर्वीच्या मोरीतली खडबडीत फरशी जाऊन गुळगुळीत टाइल्स आल्या. त्यावर साबणाचं पाणी, दाराशी सरकणारं पायपुसणं, वाटेत बादली. आत गेल्यावर तोल सावरायला हात जातो तो टॉवेलच्या दांडीकडे. ती दांडी टॉवेलाचं वजन पेलण्यापुरती दोन बारीक स्क्रूंवर उभी असते. साठ-सत्तर किलोचा माणूस लटकला की ती भिंतीतून उपटून हातात येते आणि पडणं आणखी जोराचं होतं. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत खोल बोल्ट घालून पक्कं बसवलेलं हँडल हवं. प्लंबरला तसं स्पष्ट सांगावं लागतं. दुसरी गोष्ट दाराची. बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात. आत पडलेला माणूस दाराला अडसर होतो आणि आतून कडी असेल तर बाहेरच्यांना दार तोडण्यावाचून गत्यंतर नसतं. कडी काढून टाका, बाहेरून नाणं घालून फिरवता येईल असं कुलूप बसवा, जमलं तर दार बाहेर उघडेल असं करून घ्या. सुताराचं हे एका दिवसाचं काम, पण घराघरांत ते राहून जातं.

लपवण्याचा खरा धोका डोक्याला मार लागतो तेव्हा असतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. त्यामुळे मेंदू आणि त्याच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. दाराच्या चौकटीवर डोकं साधं आपटलं तरी त्यातली एखादी फाटू शकते. त्यातून रक्त थेंबाथेंबानं झिरपत राहतं. त्या दिवशी काहीच होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, डोकं दुखू लागतं, झोप अति येते, बोलणं विस्कळीत होतं, एक पाय ओढला जातो. घरचे म्हणतात, विसरभोळेपणा वाढला, वय झालं. प्रत्यक्षात मेंदूवर साचलेल्या रक्ताचा तो दाब असतो. स्कॅनमध्ये तो दिसतो आणि कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढल्यावर अनेक जण पूर्ववत होतात. पण 'मागच्या महिन्यात डोकं आपटलं होतं' हे कुणीतरी डॉक्टरांना सांगायला हवं ना! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागल्याच्या दिवशीच दवाखाना गाठायचा. टेंगूळ किती लहान आहे ते बघत बसायचं नाही.

स्वयंपाकघरातल्या गोष्टी वेगळ्या. 'दूध उतू गेलं, करपलं, तरी समोर बसलेल्याला पत्ता नाही' ही तक्रार कुठल्या घरात ऐकू येत नाही? वयाबरोबर वासाची जाणीव कमी होते आणि ती इतकी सावकाश कमी होते की त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. भाजीला चव नाही, असं तो म्हणतो, कारण चवीचा मोठा भाग वासातून येतो. मग मीठ वाढतं, मिठाबरोबर बीपी. यातला गंभीर भाग गॅसचा आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. ज्याचं नाक मंदावलं आहे त्याला तोही जाणवत नाही. दोघंच म्हातारी माणसं राहतात अशा घरात गळती ओळखणारं छोटं यंत्र बसवावं आणि रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय ठेवावी. गळतीच्या वेळचा 1906 हा क्रमांक शेगडीजवळ मोठ्या आकड्यांत लिहिलेला असावा.

कानाचंही असंच आहे. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज: मोबाईलचा बारीक गजर, दारावरची किणकिणती बेल, आतल्या खोलीत बसलं असताना कुकरची शिट्टी. माणसांच्या बोलण्यातले स, श, फ हे आवाजही त्याच पट्टीतले. त्यामुळे 'ऐकू येतं, पण कळत नाही' हे आजोबांचं म्हणणं अक्षरशः खरं असतं. त्यांच्याशी ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं परत येत नाहीत. समोर बसून, चेहरा दिसेल असं सावकाश बोललेलं जास्त कळतं.

आणि इथे बायकांचा विषय येतो. शाळेतून, बँकेतून, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला ओट्यापासून निवृत्ती मिळत नाही. नोकरीचा ताण गेला म्हणून उलट पाहुणे वाढतात, नातवंडं येतात. अपघातही तिच्याच वाट्याला जास्त. पाळी गेल्यानंतर हाडांची घनता झपाट्यानं कमी होते, त्यामुळे हात टेकून पडलं की मनगट आणि कुशीवर पडलं की खुबा मोडतो. दिवाळीच्या आधी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढणं किंवा पंख्याची जळमटं झाडणं हे साठीनंतर तिनं करू नये, त्यानंही करू नये. मान वर, दोन्ही हात वर, आणि खालचा आधार वाकणारा. सोऱ्या खालच्या कपाटात ठेवला की झालं.

गोळी दोनदा घेतली जाते ती विसरभोळेपणामुळेच असं नाही. रोज ठरलेल्या वेळी होणारी कृती मन नोंदवतच नाही. दार ओढून घेतलं की नाही, हे तिशीतल्यालाही आठवत नाही. फरक एवढाच की तिशीत दोनदा दार ओढल्यानं काही बिघडत नाही, सत्तरीत साखरेची गोळी दोनदा पोटात गेली तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. थरथर, घाम, गोंधळ सुरू होतो. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळते. आजचा कप्पा रिकामा, म्हणजे गोळी घेतली. स्मरणशक्तीची परीक्षा नको. शिवाय आपल्याकडे एकच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळतं. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावानं दिलेलं आणि घराजवळच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं दिलेलं औषध आतून एकच असू शकतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. ते घरातल्या तरुण डोळ्यांनी एकदा वाचून जुळवून पाहावं.

चष्म्याबद्दल थोडक्यात. दुहेरी भिंगाचा खालचा भाग वाचण्यासाठी, म्हणजे हातभर अंतरासाठी असतो. जिना उतरताना नजर त्याच भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. बाहेर फिरायला फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा केला, तर धडपड कमी होऊ शकते. सोसायटीनं पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला तर उत्तमच.

आता राहिला बँकेतला अंगठा. नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची धांदल असते. आधारवर आधारलेली 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर 2014 मध्ये आली आणि घरबसल्या दाखला देणं शक्य झालं. पण अनेकांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. वयानुसार त्वचा कोरडी पडते, बोटांवरच्या रेषांचे उंचवटे झिजतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, सिमेंट कालवलेल्या किंवा मशीनवर काम केलेल्या हातांचे तर जास्तच. रांगेत तीनदा बोट पुसून परत ठेवायला सांगितलं जातं तेव्हा माणूस खजील होतो, जणू त्याचाच काही गुन्हा आहे. 2021 पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. पोस्टमनला घरी बोलावता येतं. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशी पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-95 योजनेतल्या पेन्शनरांना तर नोव्हेंबरची वाट पाहण्याचं कारणच नाही. वर्षात कधीही दिलेला दाखला पुढे वर्षभर चालतो. हात कापतो म्हणून सही जुळत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पेन्शनरला पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेनं करून ठेवली आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काउंटरवरच्या नव्या मुलाला हे माहीत नसलं, तर शांतपणे व्यवस्थापकांना भेटावं. ते आपलं हक्काचं काम आहे.

परगावच्या मुलांनी रोजच्या फोनवर 'जेवलात का' विचारतात तसंच 'या आठवड्यात कुठे तोल गेला का, अंधारी आली का' हेही विचारावं, आणि उत्तर 'हो' आलं तर पुढचं वाक्य रागाचं नसावं. किल्ली काढून घेण्याची भाषा तर मुळीच नको. वर्षात दोनदा पडणं झालं असेल, तर डॉक्टरांकडे मुद्दाम तेवढ्यासाठीच जावं आणि रक्तदाब आडवं असताना व उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्यावी. त्यात आयुर्वेदिक चूर्णं, दुकानातून आपणच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आणि शेजारच्या काकांनी 'मला गुण आला' म्हणून दिलेल्या गोळ्याही असाव्यात.