वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर केवळ पेज पुरत नाही

घरात कोणी आजारातून उठत असेल, तर गोव्यात सर्वप्रथम चुलीवर पेज चढते. उकड्या तांदळाची पातळ पेज पोटाला हलकी असते आणि रुग्णाला तरतरी देते, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. मात्र वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण वास्को, सडा किंवा चिखलीतील आपल्या घरी परततो, तेव्हा मायेने दिलेल्या या आहारात एक मोठी उणीव राहते. पोट भरते, शरीराची गरज मात्र भागत नाही.

ही शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेली नाही. नितीन गडकरी यांनी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना २०११ साली मुंबईत ती करून घेतली, तेव्हा मराठी वाचकांत तिची बरीच चर्चा झाली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गोव्यातील एक तृतीयांशाहून अधिक महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा प्रश्न पुढील काळात अनेक घरांत उद्भवणार आहे.

भूक नसली तरी खाणे आवश्यक

‘स्लीव्ह’ या प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो. उरलेल्या अरुंद नळीत साधारण १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. ‘बायपास’ पद्धतीत तर जठराची पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची असते. भुकेची जाणीव निर्माण करणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि ‘स्लीव्ह’मध्ये नेमका तोच भाग काढला जातो. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत टाक्यांभोवती सूज असते. परिणामी अनेक रुग्णांना भूक जवळजवळ लागतच नाही.

‘भूक लागेल तेव्हा खाईन’ हा नेहमीचा नियम अशा वेळी उपयोगाचा नसतो. पहिले काही महिने घड्याळ पाहून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते.

‘पुरेसे’ म्हणजे नेमके किती?

या काळात उष्मांक कमी पडणे अपेक्षितच असते, कारण शरीराने साठवलेली चरबी वापरावी हाच शस्त्रक्रियेचा हेतू असतो. प्रथिनांचा मात्र असा राखीव साठा शरीरात नसतो. आहारातून ती मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवते. मग जखम भरण्यास विलंब होतो, थकवा येतो आणि केसगळती वाढते. वजनकाटा खाली सरकत असल्याने घरच्यांना सारे सुरळीत वाटते. प्रत्यक्षात चरबीबरोबर स्नायूही घटत असतात.

म्हणून आहारतज्ज्ञ दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि किमान दीड लिटर द्रव पदार्थ असे उद्दिष्ट ठेवतात. वाटीभर पातळ पेजेत प्रथिने अवघी एक-दोन ग्रॅम असतात. सोलकढीतही ती नगण्यच. दिवसभर केवळ पेज आणि सोलकढीवर असलेला रुग्ण पाण्याचे उद्दिष्ट कदाचित गाठेल, प्रथिनांचे कधीच गाठणार नाही.

टप्प्याटप्प्याने आहार

पहिले एक-दोन दिवस पाणी, गाळलेले सूप असे नितळ पदार्थ दिले जातात. त्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत दूध, ताक, गाळलेले वरण असे द्रव पदार्थ चालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ वाटलेले अन्न, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ घन पदार्थ आणि मग हळूहळू नेहमीचे जेवण, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक रुग्णाचे वेळापत्रक त्याचा शल्यविशारद ठरवतो. त्यात घरच्या घरी घाई करू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत द्रव आहारातून प्रथिनांचे उद्दिष्ट गाठणे कठीण असते. त्यासाठी डॉक्टर प्रथिनांची पावडर सुचवतात. अनेकांना ते विनाकारण खर्चाचे औषध वाटते. पण त्या दिवसांत पावडर हाच मुख्य आहार असतो.

वाटलेल्या अन्नाच्या टप्प्यात गोव्याचे स्वयंपाकघर मदतीला येते. लेपो किंवा मुडदुशी हळद-मीठ घालून वाफवावी, काटे काळजीपूर्वक काढावेत आणि त्याच पाण्यात मऊ वाटावी. शिजलेल्या ६० ग्रॅम मासळीतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन अंड्यांतून १२, दूध पावडर मिसळलेल्या दोन पेले दुधातून २२, ५० ग्रॅम पनीरमधून ९, दह्यातून ४ आणि घट्ट वरणातून ५ अशी भर पडली, की दिवसाची बेरीज ६४ ग्रॅम होते. तिखट हुमण आणि तळलेली मासळी यांना मात्र काही काळ थांबावे लागते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, तसेच श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत घरात मासळी नसते. तेव्हा दही, पनीर, सोयाबीन आणि मऊ शिजवून वाटलेल्या मुगावर भर द्यावा लागतो. अंडी चालत असतील तर काम सोपे होते. नेवऱ्या आणि गुळाची पातोळी यांपासून मात्र दूर राहावे. विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात वेगाने उतरतात आणि घाम, धडधड, मळमळ, जुलाब असा त्रास होतो.

खाताना प्रथिनांचा घास आधी घ्यावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट सुरुवात करावी. पोट गच्च झाल्याची जाणीव होताच थांबावे. ‘आणखी एक घास’ हा प्रेमाचा आग्रह येथे उलटीला कारण ठरतो.

उलट्यांकडे दुर्लक्ष नको

वारंवार उलट्या होणे किंवा अन्न जवळजवळ बंद होणे यातील मोठा धोका ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा असतो. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मेंदूवर परिणाम होत असल्याची लक्षणे आहेत आणि उपचाराला उशीर झाल्यास हानी कायमची राहू शकते. उकड्या तांदळात पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा थायमिन अधिक टिकते हे खरे. पण या काळात तेवढ्यावर विसंबता येत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

रुग्णाला अशक्तपणामुळे जवळच्या दवाखान्यात सलाईन लावण्याची वेळ आली, तर शस्त्रक्रिया झाल्याचे सर्वप्रथम सांगावे. थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास त्रास बळावू शकतो. पाणीही पोटात टिकत नसेल, ताप, तीव्र पोटदुखी, छातीत धडधड किंवा धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ रुग्णवाहिका बोलवावी. मुरगाव तालुक्यातील रुग्णांसाठी चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे आणि पुढील उपचारांसाठी बांबोळीचे गोमेकॉ आहे.

घरच्यांनी एक साधी वही ठेवली, तरी बराच उपयोग होतो. दिवसभरात किती पाणी गेले आणि प्रथिने किती ग्रॅम झाली, एवढ्या दोनच नोंदी पुरेत. सलग दोन-तीन दिवस आकडा निम्म्यावर राहिला, तर आहारतज्ज्ञाला फोन करावा. पेज घरातून हद्दपार करण्याची गरज नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर ती चार चमचे जरूर द्यावी. फक्त त्याआधी वाटलेली मासळी, अंडे किंवा वरण पोटात गेलेले असावे.