पद संपतं, तेव्हा अर्जुन काय करतो?

गोव्यातल्या एका देवळाच्या प्रांगणात, जत्रेच्या रात्री, ‘संगीत सौभद्र’ चालू होतं. पुढे सतरंज्यांवर बायका-मुलं, मागे खुर्च्या, त्यामागे खाज्यांची आणि फुलांची दुकानं. पहिला अंक. तीर्थयात्रेला निघालेला अर्जुन वनात एकटा, सुभद्रेच्या आठवणीनं व्याकूळ. नारद गात गात आला. पद समेवर आलं, तबला थांबला आणि अगदी मागून खणखणीत आवाज आला, ‘वन्स मोअर!’ पाठोपाठ चारी बाजूंनी तोच पुकारा. ऑर्गनवाल्यानं नारदाकडे पाहिलं, नारदानं किंचित मान हलवली आणि सूर पुन्हा भरला. पद दुसऱ्यांदा झालं. मग तिसऱ्यांदा.

माझं लक्ष मात्र अर्जुनावर खिळलं होतं. सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरतंय ही बातमी नारदाकडून त्याला अजून कळायची होती. प्राण कंठाशी आलेल्या त्या माणसाला मध्येच उभं राहून तेच पद तिसऱ्यांदा ऐकायचं होतं. त्यानं तेव्हा जे केलं, ते शेवटी सांगतो.

‘वन्स मोअर’ हा शब्द इंग्रजीतला असला, तरी नाट्यगृहातला हा पुकारा आपला आहे. इंग्रज प्रेक्षक अशा वेळी ‘आँकोर’ म्हणून फ्रेंच शब्द वापरतो आणि फ्रेंच किंवा इटालियन प्रेक्षक ‘बिस’ म्हणतो. मराठी प्रेक्षकानं मात्र इंग्रजीतले दोन साधे शब्द उचलले आणि ते इतके आपले केले, की इंग्रजीचा गंध नसलेली आजीही खुशाल ‘वन्स मोअर घेतला हो त्यानं’ असं म्हणते. घेतला! मागणारे आम्ही आणि घेणारा नट. या व्यवहारात कोण देतो नि कोण घेतो हे आपल्या भाषेनंही नक्की केलेलं नाही, आणि मला ते फार खरं वाटतं.

कारण संगीत नाटक मुळात प्रेक्षकाच्या कानातूनच जन्मलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाणं प्रामुख्यानं सूत्रधाराकडे होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, आणि पात्रंच गाऊ लागली. पण गाऊ लागली ती कसलं गाणं? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी पदांतल्या आणि बायकांच्या गाण्यांतल्या चाली. प्रेक्षकानं ते नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्याच्या कानाला त्यातलं पुष्कळसं ओळखीचं होतं. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदं आहेत. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदताना ती चाल गुणगुणू शकत होता, कारण ती अर्धीअधिक त्याच्याच घरातून गेलेली होती.

पुढे काळ बदलला. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला 1911 मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला 1916 मध्ये भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, आणि ख्याल-ठुमरीचं गाणं थेट नाटकात आलं. आता पद ओळखीच्या चालीचं राहिलं नाही. गाणारा ते दर वेळी नव्यानं रचू लागला. वन्स मोअरचा अर्थ इथं पालटला. आधी त्याचा अर्थ ‘तेच पुन्हा म्हणा’ असा होता. आता ‘याच रागात अजून काय दिसतं ते दाखवा’ असा झाला. दुसऱ्यांदा गाताना तीच तान तश्शीच घेणारा नट जाणकारांच्या मनातून उतरायचा. मागणी वाढली आणि ती मागणी पुरी करायला साथही तोलामोलाची लागली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. एवढा ऐवज मैफलीतही एका जागी सहजी मिळत नाही.

इथं फिरतीचा मुद्दा येतो. आजचा दौरा म्हणजे ट्रकमध्ये सेट, बसमध्ये कलाकार, एका गावात एक प्रयोग आणि रात्रीच पुढचा रस्ता. जुन्या मंडळ्यांचा ‘मुक्काम’ असे. सामानसुमान, पडदे, आचारी, पोरंबाळं घेऊन मंडळी आगगाडीनं गावात उतरायची, बिऱ्हाड थाटायची आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही राहायची. मिरज, सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, बडोदे, इंदूर, नागपूर, हुबळी, धारवाड. एकच माणूस एकाच मुक्कामात तेच नाटक चार-पाच वेळा पाही. त्याला गोष्ट पाठ झालेली. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे त्याला आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत. मग तो येई कशासाठी? आज काय निराळं घडतं ते ऐकायला. गावातले गवई, वकील, पेठेतले व्यापारी, पिटातली कष्टकरी माणसं, बायकांसाठी राखलेल्या जागेतल्या घरच्या लेकीसुना. सगळ्यांचे कान मिळून त्या नाटकाची रोजची परीक्षा चाले. एका गावात जो आलाप उचलला गेला, तो पुढच्या गावी थोडा लांबे. जिथं लोक चुळबुळले, ती जागा आखूड होई. मिरजेचा प्रेक्षक हुबळीच्या प्रयोगात असा हजर असे. छापलेली संहिता नाटककाराची, पण प्रत्यक्ष उभं राहिलेलं नाटक या गावांनी मिळून घडवलेलं. आपल्या नाट्येतिहासात नाटककार, नट, संगीतकार, मालक सगळ्यांना मानाची पानं मिळाली. या कानांच्या वाट्याला फारच थोड्या ओळी आल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बालगंधर्वांना हे नातं पुरतं कळलेलं होतं. प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत, आणि ते निव्वळ तोंडदेखलं नव्हतं. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता, त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग झाला. भामिनी होऊन ते रंगमंचावर उभे राहिले आणि गायले. तेव्हा समोरून आलेल्या प्रत्येक पुकाऱ्याचं वजन त्यांनी कसं पेललं असेल, याचा विचार करवत नाही. पुढे 1913 मध्ये स्वतःची मंडळी निघाली आणि मायबापांना उत्तमातलं उत्तमच द्यायचं या ध्यासानं खरे शालू, खरं अत्तर, भारी गालिचे असा थाट उभा राहिला. प्रेक्षकांतल्या बायकांनी त्यांची लुगडी नेसण्याची ढब उचलली, केसांत गजरा माळण्याची रीत उचलली. प्रेक्षकानं दिलेली दाद अशी घराघरांत चालत गेली. आणि मंडळीच्या डोक्यावर कर्जही चढत गेलं.

दाद कुठल्या टोकाला जाऊ शकते, त्याचा दाखला म्हणजे 8 जुलै 1921 ची मुंबईतली रात्र. टिळक स्वराज्य फंडासाठी बालिवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं: भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. दोन मंडळ्या आणि त्यांना जीव लावणारे दोन प्रेक्षकवर्ग एका छताखाली. एकाचं गाणं मुलायम, मिंडेचं. दुसऱ्याचं तेजस्वी, झडझडून येणारं. एकाच्या पदानंतर दुसऱ्याचं पद, एकाला मिळालेल्या गजरानंतर दुसऱ्याला मिळालेला गजर. हे नाटक राहिलं नव्हतं, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण त्या रात्री सभागृहात बसलेल्या माणसांनी जन्मभर ती रात्र सांगितली. तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. त्यांच्या नावानं उभं असलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत भस्मसात झालं, तेव्हा भोवती जमलेली माणसं रडत होती. त्यांच्यापैकी केशवरावांना ऐकलेलं अर्थातच कुणी नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. वन्स मोअरनं नाटकाची हानीही केली. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले, त्यानंतर महिन्याभरातच ते रंगभूमीवर आलं. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिलेली. फाटक्या लुगड्यातली सिंधू, दारूत बुडालेला सुधाकर, पोटात अन्न नाही. ती बाई आपलं दुःख गाते, आणि प्रेक्षक म्हणतो, पुन्हा एकदा! तिचं दुःख कळून म्हणतो की गंधर्वांचा गळा ऐकून? दोन्ही, हेच उत्तर मला प्रामाणिक वाटतं. पण त्या क्षणी सिंधू मागे सरते आणि तिची भूमिका करणारे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पुढे येतात. पद दोनदा-तीनदा झालं की पुढचा प्रवेश पुन्हा थंड चुलीपासून पेटवावा लागतो. समोरचा नट वाक्य तोंडात धरून ताटकळतो. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत जातं. पन्नास-पन्नास पदांच्या नाटकात याचा हिशेब कुणीही मांडावा.

ही अडचण आपलीच आहे असंही नाही. 1786 मध्ये व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ला प्रेक्षकांनी इतक्या वेळा परत परत गायला लावलं, की एकाहून अधिक आवाजांचं कुठलंही गाणं पुन्हा म्हणायचं नाही असा हुकूम सम्राट दुसरा जोसेफ याला काढावा लागला.

आपल्याकडे असा हुकूम निघण्याची वेळ आली नाही. बोलपट आला. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि प्रेक्षक तिकडे वळला, याची कारणं सगळे सांगतात: तिकीट स्वस्त, वेळ थोडा, दृश्यं भव्य. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. पडद्यावरच्या माणसाला ‘वन्स मोअर’ ऐकू येत नाही. 1935 मध्ये ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ होऊन पडद्यावर आले. गळा तोच होता, पण ते गाणं समोरच्या कुणाच्या हुंकारावर वळत नव्हतं. ग्रामोफोनची गोष्ट तर अधिकच नवलाची. तीन मिनिटांची तबकडी हवी तितक्यांदा लावा, वन्स मोअरला तोटा नाही; फक्त दर वेळी तंतोतंत तेच ऐकू येईल. पुढच्या पिढीनं गंधर्वांची पदं तबकड्यांवरून पाठ केली आणि रंगमंचावरच्या गायकाकडूनही हुबेहूब तीच हरकत मागायला सुरुवात केली. बदल ऐकायला येणारा प्रेक्षक बदल खपवून घेईनासा झाला. संगीत नाटक रोडावलं त्यात याचाही हात आहे, असं मला वाटतं.

साठीच्या दशकात ज्यांनी ते पुन्हा उभं केलं, त्यांनी हा प्रश्न नीट ओळखला होता. ‘मत्स्यगंधा’त 1964 मध्ये जितेंद्र अभिषेकींनी पदांची संख्या आणि लांबी आटोपशीर ठेवली, पद प्रवेशाच्या ओघात येतं आणि ओघातच जातं. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’नं 1967 मध्ये वेगळीच वाट काढली. तिथं गाणं हेच कथानक. दोन घराण्यांचं वैर आहे, कानावर पडलेली विद्या चोरली जाते, राजगायकाचा मान पणाला लागतो. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब गायला लागले की गोष्ट थांबत नाही, पुढे सरकते. टाळी पडली तरी ती नाटकातल्या दरबारातलीच वाटते. जुन्या भांडणावर इतका देखणा तोडगा दुसरा मला दिसत नाही.

आज प्रयोग लागतात ते पालिकेच्या नाट्यगृहात, ठरलेल्या वेळेत. पुढच्या प्रयोगाचा ट्रक मागच्या दाराशी उभा असतो. व्यवस्थापक विंगेतून घड्याळ दाखवतो. त्यामुळे ‘वन्स मोअर’ येतो तो थोडा भीतभीत, आणि बऱ्याचदा पदाचा पहिला शब्द उच्चारताच टाळी पडते: गाण्याआधीच, ओळख पटल्याची. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’नं मात्र निराळीच दाद मिळवली. तुकोबांची आवली आणि तिच्या पायातल्या काट्याच्या निमित्तानं घरी राहायला आलेली लखुबाई, दोनच बायका. मी ते पाहिलं तेव्हा गाणं संपल्यावर काही क्षण कुणी टाळी वाजवली नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. पुकारा करावा असं मलाही वाटलं नाही, आणि तरी सगळं सभागृह त्या गाण्यात सामील होतं.

तर गोव्यातला तो अर्जुन. पहिल्या वन्स मोअरला तो अवघडला. धनुष्य या हातातून त्या हातात घेतलं, पडद्यावर रंगवलेल्या झाडांकडे बघत राहिला. दुसऱ्या खेपेला नारदानं पद वरच्या षड्जावरून उचललं, पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटेनं, आणि तबलजीनं ठेका बदलून त्याला तिथंच गाठलं. अर्जुनाची मान वळली. तिसऱ्या खेपेला त्यानं धनुष्य खाली ठेवलं, वनातल्या दगडावर टेकला, आणि देवर्षींकडे असा काही पाहू लागला, की जणू तीर्थयात्रेत इतके दिवस आपण कुणाशी बोललोच नाही, कुणाचं काही ऐकलंच नाही, हे त्याला आता उमगतंय. पद समेवर आलं. मागून पुन्हा पुकारा उठला, तसा अर्जुन ताडकन उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, ‘मुनिवर, आता द्वारकेचं वर्तमान सांगा.’

सगळा मंडप हसला, आणि गप्प झाला. नारद बोलू लागला.